सुपारीची पाटलीण

आमच्या वडलांना दोन बायका होत्या. एक माझी आई आणि दुसरी एक सुपारी. दुसरीचा संसार जेमतेम तीन तास टिकला. तो कसा मोडला, हे आमच्या गावात अजूनही जेवणं आटोपल्यावर सांगितलं जातं, पण ते नुसतं हसण्यापुरतं. त्या तीन तासांवर माझी शाळा टांगलेली होती, म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगायचा हक्क माझा आहे आणि तो मी पुरेपूर वापरणार आहे.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडपासून चार मैलांवर. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. गावातली शाळा सातवीपर्यंत. मी सातवी पास झाले आणि आमचे मास्तर, जे गावच्या बौद्ध वस्तीत राहत, ते स्वतः दाखला घेऊन आमच्या ओट्यापर्यंत आले. पोरगी हुशार आहे, हिला पुढं घाला, असं त्यांनी वडलांना सांगितलं. माझे मामा देऊळगाव राजाला कापडाच्या दुकानात होते. तिथं हायस्कूल होतं. मामांनी निरोप धाडला होता की पोरीला इकडं पाठवा, घरचंच आहे. अडचण एकच होती, ती म्हणजे वडील. पोरीच्या जातीला सात बुकं खूप झाली, असं त्यांचं मत होतं आणि पुढच्या वैशाखात माझं लग्न उरकायचं हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. मास्तरांना त्यांनी ओट्यावरच चहा पाजला आणि ओट्यावरूनच वाटेला लावलं.

वडील गावचे पाटील. शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात एक देव शिरला होता. नदीकाठच्या महादेवाच्या देवळात पिंड होती, नंदी होता, पण तसले महादेव गावोगाव असतात. वडलांना असा देव हवा होता जो धाडला नाही आणि बुलढाण्यातही नाही. एका व्यापाऱ्याच्या दुकानात त्यांनी कॅलेंडरवर अर्धनारीनटेश्वर पाहिला, उजवं अंग महादेवाचं, डावं पार्वतीचं. तिथंच त्यांनी ठरवलं की हाच आणायचा. संगमरवरी मूर्ती गवतात गुंडाळून ट्रकमधून आली तेव्हा सगळा गाव पाहायला लोटला.

मूर्ती उतरवल्यावर वडलांनी पहिली गोष्ट काय केली असेल? नमस्कार नाही. सुतळी मागवली. नाकापासून उजव्या खांद्यापर्यंत एकदा मोजलं, नाकापासून डाव्या खांद्यापर्यंत एकदा मोजलं. महादेवाचा खांदा दोन बोटं रुंद भरला. मग त्यांचा चेहरा फुलला आणि मग नमस्कार झाला. शेजारी उभ्या असलेल्या कोणाला तरी ते म्हणाले, निम्मं म्हणजे काही अगदी निम्मं नसतं.

प्राणप्रतिष्ठेच्या आधी आठवडाभर कीर्तन. त्यासाठी जालन्याकडून एक बुवा आणले. बुवांचा विषय ठरलेला होता, देवांची जोडपी आणि त्यांच्यातली बरोबरी. बुवा गोड गळ्याचे होते आणि खाण्यापिण्यातही गोडाचेच. पहिल्या रात्री त्यांनी सांगितलं की पार्वती नसेल तर महादेव नुसता पडून राहतो, त्याला बोट हलवायची ताकद नसते, सगळी शक्ती तिची. पुरुषांच्या बाजूनं माना डोलल्या. दुसऱ्या रात्री लक्ष्मी-नारायण. लक्ष्मी पाय चेपते म्हणून ती खालची असं समजू नका, बुवा म्हणाले, पाय त्याचे आणि हात तिचे, म्हणजे कामात दोघंही सारखेच. इथं तर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. हाच म्हातारा घरी गेल्यावर सुनेला बुक्की दाखवत असे, पण देवाच्या बायकोबद्दल त्याचं मन फार मऊ होतं.

बुवांच्या बायको बरोबर आल्या होत्या. आठ दिवस त्या आमच्याकडं राहिल्या आणि आठ दिवसांत मी त्यांचा आवाज ऐकला नाही. शक्तीचं सगळं वर्णन चालू असताना शक्ती आमच्या विहिरीवर बुवांची धोतरं धूत होती.

आई बायकांच्या बाजूला खांबाला टेकून कीर्तन ऐकायची. आई फार बोलणारी नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं, पण ऐकलेलं एकही वाक्य ती विसरायची नाही, आणि हा गुण किती धोक्याचा असतो ते वडलांना लग्नाला पंधरा वर्षं होऊनही समजलेलं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी वडील न्याहारीला बसले. तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला आणि विचारलं, "बुवा म्हणतात, बाई म्हणजे माणसाचं अर्धं अंग. खरं काय?"

वडील खूश झाले. बुवांवर आपण केलेला खर्च घरातही पोचला, असं त्यांना वाटलं असावं. "खरं म्हणजे? शास्त्रातच हाये ते."

"मंग पोरगी बी अर्धी माही झाली."

"झाली."

"तं माही अर्धी पोरगी म्या देऊळगावले धाडाचं ठरवलं. तुमची अर्धी तुम्ही पाहा काय करता ते."

भाकरीचा घास तोंडाशीच थांबला. देवाच्या गोष्टी देवळात ठेवायच्या असतात, असं वडलांनी तिला बजावलं. आवाज चढला, मधल्या घरातून आम्ही भावंडं परसात पळालो. आईचा आवाज मात्र होता तिथंच होता. ती म्हणाली, "ठेवते देवळात. पण मंग देवळातल्या पाटावर बी तुम्ही एकलेच बसा. पोरगी जात असन तं मी बसन."

आता हे नीट सांगायला हवं. प्राणप्रतिष्ठेला यजमान एकटा बसू शकत नाही. शेजारी बायको लागते. तिला काही करायचं नसतं. मंत्र भटजी म्हणणार, पाणी नवरा सोडणार, अक्षता नवरा वाहणार. तिनं फक्त त्याच्या उजव्या दंडाला दोन बोटं लावून बसायचं. एवढी दोन बोटं लागली की तिचाही वाटा पडला असं धरतात. पण ती दोन बोटं नसली तर सगळं फुकट, मग मूर्ती दगड ती दगडच. अर्ध्या अंगाला अख्ख्या जन्मात मिळालेला हा एवढाच अधिकार, आणि आईनं नेमका तोच आवळून धरला.

वडील तडक भटजींकडं गेले. भटजी वृद्ध, भित्रे आणि प्रामाणिक होते, आणि या तीन गोष्टी एका माणसात असल्या की त्याचे फार हाल होतात. त्यांनी सांगितलं की बायकोच्या जागी सुपारी चालते, शास्त्राला ते मान्य आहे. खुद्द रामानं सीता वनात असताना यज्ञाला सोन्याची सीता बसवली होती. आपण सुपारी घेतो. पण पाटील, ती केव्हा, तर बायको वारलेली असेल, परगावी असेल किंवा विटाळशी असेल तर. घरात धडधाकट बायको असताना सुपारी चालत नाही.

वडलांनी तिन्ही वाटांचा विचार केला असणार. पहिली अवघड होती. दुसरीला आई तयार झाली नसती. त्यामुळं त्याच संध्याकाळी चावडीवर बसून, विषय नसताना, त्यांनी चार माणसांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं की ऐन वेळेला घरात अडचण आली, आमची मंडळी दूर बसली.

अशा रीतीनं माझ्या आईला तिची पाळी चावडीवरून कळली.

ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं शांतपणे घोंगडी उचलली, एक तांब्या आणि एक पेला घेतला आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. दूर बसलेल्या बाईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, पाणी भरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. हे नियम तिच्या सासरच्यांनीच तिला शिकवले होते. घरात चाळीस पाहुणे, बुवांचा फराळ वेगळा, भटजींचं सोवळं वेगळं, परवा गावजेवण, आणि घरची बाई पडवीत पाय पसरून बसली आहे. आईला दिवसाउजेडी बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तिचे पाय इतके गोरे आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

वडील मागच्या दारानं आले. खोटं बोलायची पंचाईत अशी की ज्याच्याबद्दल बोललो त्यानं ते खरं धरलं तर काही करता येत नाही. ते दबक्या आवाजात म्हणाले, "उठ. पुरण कोन पाहाते?"

"जवळ येऊ नका," आई म्हणाली. "सोवळ्यात हाये तुम्ही. बुवा पाहून राह्यले."

बुवा खरंच तिकडं पाहत होते. वडील दोन पावलं मागं सरले आणि लांबूनच तिला सुनावलं की तुझ्यावाचून काही अडत नाही, परवा तुझी सुपारी बसेल.

"रामानं निदान सोन्याची घडवली व्हती," आई म्हणाली. "मले दुकानातल्या सुपारीवर भागवलं."

स्वयंपाकाचा सगळा भार आत्यावर आला. आत्या म्हणजे वडलांची थोरली बहीण. विशीत विधवा होऊन माहेरी आली ती इथंच राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, परसातल्या दोरीवर काय वाळतं आणि काय वाळत नाही हे घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही. दुपारी पुरण करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ आत्या पडवीत आली. मला वाटलं, आता भांडण. आत्या कमरेवर हात ठेवून आईकडं नुसती पाहत राहिली.

"तुही निदान सुपारी झाली," ती म्हणाली. "माह्या नावानं पंचवीस वर्षांत कोनं खडा बी ठेवला नाही पाटावर."

आई घोंगडीवर थोडी सरकली. आत्या तिच्या शेजारी बसली, सोवळ्यात असताना, सगळे नियम धाब्यावर बसवून. आतून चार वेळा हाका आल्या, पण ती उठली नाही. मग दोघी पेल्यातलं पाणी निम्मं निम्मं प्यायल्या. अर्ध्या-अर्ध्याचं एवढं खरं दर्शन मला नंतर कुठल्या देवळात झालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रतिष्ठा. वैशाखाचं ऊन, देवळात माणूस मावत नव्हतं, होमाचा धूर डोळ्यांत. पाटलांची मुलगी म्हणून मला बायकांत अगदी पुढं जागा मिळाली होती. वडील पीतांबर नेसून पाटावर बसले. उजवीकडचा पाट रिकामा. भटजींनी एक चांगली टणक सुपारी घेतली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, दोन मंत्र पुटपुटले आणि ती पाटलीणबाई म्हणून वडलांच्या कनवटीला खोचली.

इथं वडलांची एक सवय सांगायलाच हवी. त्यांना सुपारी लागायची, आणि अडकित्ता लागायचा नाही. अख्खी सुपारी दाढेखाली धरून फोडणं हा त्यांचा पराक्रम होता. लग्नाकार्यात लोक मुद्दाम त्यांच्यापुढं सुपारी धरत आणि ते ती कडकन फोडून दाखवत. ही सुपारी राहायची कुठं, तर वर्षानुवर्षं त्याच कनवटीला. हात कमरेला गेला की सुपारी तोंडात, मधे डोक्याचा काही संबंध नाही.

त्या दिवशी उपास होता. पहाटेपासून तोंडात काही नव्हतं. पहिला तास गेला, दुसरा गेला. तिसऱ्या तासाला, मूर्तीचे डोळे उघडायच्या आधी, बुवांनी शेवटचं निरूपण सुरू केलं. आज या गावात पुरुष आणि प्रकृती एका अंगात उभे राहणार, कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. बुवांचा सूर लागला होता. वडलांचे डोळे अर्धे मिटले, चेहऱ्यावर एक तृप्त भक्तिभाव आला. आणि मी पाहिलं, त्यांचा हात सावकाश कमरेला गेला. हात वर आला. गालात एक गोळा उभा राहिला.

मी ओरडू शकले असते. मी ओरडले नाही. ही एक गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही.

बुवा थांबले. भटजी म्हणाले, "आता पत्नीनं यजमानाच्या हाताला हात लावावा. पाटील, सुपारी काढा आणि उजव्या दंडाला टेकवा."

देवळात एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत आवाज आला, कडाक्.

भटजींना आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, "सुपारी, पाटील." वडलांनी कनवट चाचपली, आधी डावी, मग उजवी. मग त्यांची चाचपणी थांबली आणि जबडाही थांबला. बायकांच्या घोळक्यातली एक म्हातारी, जिच्या तोंडाला कधीच झाकण नव्हतं, तिनं अगदी काळजीनं विचारलं, "पाटील, पाटलीण खाल्ली काय?"

जे हसू फुटलं त्यानं होमातली राख उडाली. पखवाजवाला पखवाजावर आडवा झाला. बुवांच्या बायको, ज्यांचा आवाज मी आठ दिवसांत ऐकला नव्हता, त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि पदर पुरत नव्हता.

पण खरी मौज पुढंच आहे. पुरुषांनी ती गोष्ट गंभीरपणे घेतली. वडलांना उठवून नदीवर पुन्हा आंघोळीला पाठवलं, चुळा भरायला लावल्या, आणि ओल्या पीतांबरात ते परत आले तोवर देवळात सभा भरली होती. दुसरी सुपारी घ्या, एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, पहिलीला कुंकू लावून बायको केली होती, आता दुसरी आणली तर ती सवत होणार. तिसऱ्यानं हिशेब घातला की घरी एक आहेच, त्यामुळं ही तिसरी. भटजींनी पोथी उघडली. खाल्लेल्या बायकोबद्दल पोथीत काही नव्हतं. डोळ्यांत तेल घालून जगातला प्रत्येक दोष लिहून ठेवणाऱ्यांना आमच्या वडलांची कल्पना आली नव्हती.

देवळाबाहेर रस्त्याच्या पलीकडं मास्तर उभे होते. ते आत येत नसत. दहा वर्षांपूर्वी त्यांना कोणी आत येऊ दिलं नसतं आणि आता त्यांना यायचं नव्हतं. त्यांनी तिथूनच, वर्गात सांगावं तसं सांगितलं, "पाटील, एक असताना दुसरी करता येत नाही आता. कायदा झाला आहे."

यावर हसावं की नाही हे कोणाला ठरवता येईना. बुवा पुन्हा पुन्हा उन्हाकडं पाहत होते. मुहूर्त जायला आला होता.

आई होती कुठं? दूर बसलेल्या बाईला देवळात यायचं नसतं, लांबून पाहायला हरकत नाही. ती नदीच्या उतारावर, बाभळीखाली, हाताची घडी घालून उभी होती. शेवटी भटजींनाच धीर करावा लागला. ते दारात आले आणि त्यांनी विचारलं, "बाई, आज कितवा दिवस?"

"मले काय ठाऊक?" आई म्हणाली. "पाटलांले इचारा. त्यांनीच बसवलं मले."

एवढ्या माणसांनी एकदम मान वळवलेली मी परत कधी पाहिली नाही. ओल्या पीतांबरातून पाणी निथळत होतं. वडलांनी भटजींकडं पाहिलं, बुवांकडं पाहिलं, मूर्तीकडंही पाहिलं. कोणीच मदत करेना.

"नाही बसली ती," ते म्हणाले. "म्या सांगलं तसं."

भटजींनी डोळे मिटले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटकेचा आनंद पसरला. म्हणजे सुपारी मुळात लागूच नव्हती, ते म्हणाले, त्यामुळं खाल्ली तरी दोष नाही, ती नुसती सुपारी होती. बाईंनी डोक्यावरून आंघोळ करून यावं आणि बसावं. माणसंही खूश झाली. सगळं इतकं सुरळीत झालं होतं. राहिली होती फक्त बाई.

बाई जागची हलली नाही.

"जूनमधी पोरगी देऊळगावले जाईन," ती म्हणाली. "पाटलांनी हाव म्हणावं, मी आंघोळीले जाते."

वडलांनी मान हलवली.

"मान नका हालवू. तोंडानं म्हना. सगळ्यांले ऐकू जाऊ द्या."

आठ दिवस बरोबरीचा पाऊस पाडणारे बुवा शेजारीच होते. या क्षणी त्यांना केवढं बोलता आलं असतं. साक्षात शक्ती बाभळीखाली उभी राहून आपला वाटा मागत होती. बुवा वडलांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "म्हणून टाका पाटील, मुहूर्त चालला."

"हाव," वडील म्हणाले.

"कोन जाईन?"

"पोरगी."

"कुठं?"

"देऊळगावले."

"कशाले?"

इथं ते अडले. शब्द तोंडातून निघायला वेळ लागला, सुपारीपेक्षा जास्त. "शिकाले," ते म्हणाले.

मग आई नदीत उतरली, डोक्यावरून तीन वेळा पाणी घेतलं, आत्यानं तिला हिरवं लुगडं दिलं आणि ती पाटावर येऊन बसली. दोन बोटं दंडाला लावली. मूर्तीचे डोळे उघडले तेव्हा सगळे मूर्तीकडं पाहत होते. मी त्या दोन बोटांकडं पाहत होते.

माणसं किती लवकर सावरतात. त्याच रात्रीच्या कीर्तनात बुवांनी सांगितलं की या गावच्या यजमानानं शक्तीचा मान राखून, स्वतःहून, भर देवळात कन्येच्या शिक्षणाचा संकल्प सोडला. स्वतःहून. पुढच्या महिन्यापर्यंत वडलांनाही ते पटलं होतं. धाडच्या बाजारात ते लोकांना थांबवून सांगायचे की पोरी शिकवल्या पाहिजेत, मी शिकवतो. तालुक्याच्या कुठल्याशा सभेत त्यांना हारही घातला गेला. तो हार घेऊन ते घरी आले तेव्हा आई भांडी घासत होती. त्यांनी हार खुंटीला अडकवला आणि पाणी मागितलं.

जूनमध्ये मात्र ते मला सोडायला स्वतः धाडपर्यंत आले. माझी ट्रंक एसटीच्या टपावर नीट बांधली नाही म्हणून त्यांनी कंडक्टरला फैलावर घेतलं, आणि बुलढाण्यावरून चिखली, चिखलीवरून देऊळगाव राजा, कुठं उतरायचं, कुठं बदलायचं, हे मला तीन वेळा पाठ म्हणायला लावलं. मी आठवीत बसले. पुढं मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले आणि तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला.

इथं मी थांबते आणि टाळ्या घेते. लोकांसमोर सांगताना मी नेहमी इथंच थांबते.

पण माझ्या पाठीवर एक बहीण आहे. दोन वर्षांनी तिचीही सातवी झाली, माझ्याहून चांगल्या गुणांनी. त्या वर्षीही गावात एक मूर्ती बसायची होती, वेशीवरच्या मारुतीची. आईनं पुन्हा तोंड उघडलं. वडील आता शहाणे झाले होते. मारुती ब्रह्मचारी, ते म्हणाले, त्याच्यापुढं बायको कशाला? यजमानपण त्यांनी गावातल्या एका बिनलग्नाच्या म्हाताऱ्याला देऊन टाकलं आणि स्वतः खर्च करून बाजूला बसले. आईच्या दोन बोटांना कुठं टेकायला जागाच उरली नाही. ती आठ दिवस जेवली नाही, नवव्या दिवशी जेवली. बहिणीचं वैशाखात लग्न झालं. तिला पिंपळगाव राजाला दिलं.

सुपारीची गोष्ट मी तिच्या घरी सांगते तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं ती हसते. कडाक् आवाज तीच काढते, माझ्यापेक्षा चांगला. गेल्या खेपेला गेले तर तिच्या दोन्ही पोरी खामगावला कॉलेजात जायच्या तयारीत होत्या, एक वेणी घालत होती, एक चप्पल शोधत होती. बाहेर भावजींनी पाणी मागितलं, ते त्यांना कोणी दिलं नाही, मग त्यांनी स्वतःच माठातून घेतलं. मी तिला हळूच विचारलं की पोरींना एवढं पुढं घातलं, तेव्हा भावजींना काय काय सांगून पटवावं लागलं?

ती चुलीपुढून उठली नाही. "पटवलं नाही," ती म्हणाली. "एसटीचा पास काढला आन मंग सांगलं."